अर्धी ताटली: एका कुत्रीच्या फ्रंटल कॉर्टेक्सचं प्रकरण

जुई (नाव बदललं आहे) माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा साडेनऊ वर्षांची होती. गोल्डन रिट्रीव्हर, मादी, नसबंदी झालेली, वजन २९ किलो. तिच्या पालक निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांना काकू म्हणतो. त्यांनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "डॉक्टर, ही हट्टी झालीय."

हट्ट म्हणजे काय, ते हळूहळू बाहेर आलं. काकूंनी जुईला स्वतः शिकवलं होतं. जेवणाची ताटली समोर ठेवली की ती बसायची आणि काकू "घे" म्हणेपर्यंत नाक पुढे करायची नाही. आठ वर्षं हा नेम कधी मोडला नव्हता. गेल्या तीन महिन्यांत ताटली जमिनीला टेकायच्या आत ती तुटून पडू लागली. बाहेर फिरवून आणलं तरी घरात आल्यावर लघवी करायची, तीही जागा न शोधता, चालता चालता. रात्री खोलीत गोल गोल फिरायची. कधी भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची आणि तिथून मागे कसं यायचं हेच तिला सुचत नसे. हाक मारली तर शेपूट हलायची, ओळख पूर्ण होती. राग, चावणं, घाबरणं यातलं काही नव्हतं.

मधल्या काळात एका प्रशिक्षकाने सांगितलं होतं की लाड फार झालेत, शिस्त कडक करा. त्यामुळे दोन महिने जुईने रोज बोलणी खाल्ली. काकू हे सांगताना थांबल्या होत्या. मला ती जागा अजून आठवते, कारण पुढे जे कळलं त्यानंतर त्या दोन महिन्यांचं ओझं त्यांनी बराच काळ वाहिलं.

पहिल्या भेटीत मी चुकलो, आणि कसा चुकलो ते नोंदवणं मला गरजेचं वाटतं. वय, घरात लघवी, रात्रीचं फिरणं, शिकलेलं विसरणं, कोपऱ्यात अडकणं. हे चित्र वृद्ध कुत्र्यांच्या स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे कॉग्निटिव्ह डिसफंक्शनचं आहे. हा आजार ओळखायचा राहून जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आठ वर्षांवरच्या कुत्र्यांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे १४.२ टक्के असावं असा अंदाज आला, पण डॉक्टरांकडून निदान झालेले होते फक्त १.९ टक्के. ही तफावत माझ्या डोक्यात पक्की बसलेली आहे, त्यामुळे 'हा आजार निसटू द्यायचा नाही' या भरात मी होतो. शिवाय या आजारात बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर मेंदूत सर्वांत आधी साचतात ते पुढच्याच भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर). म्हणजे जुईच्या वागण्यातला बदल आणि माझं अनुमान एकमेकांशी जुळत होते. रक्त, लघवी, थायरॉइड, यकृत, रक्तदाब सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. मी सेलेजिलिन हे या आजारावरचं औषध सुरू केलं आणि परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागेल असं सांगितलं.

तिला चालताना मी पाहिलं होतं, आणि ती उत्तम चालत होती. म्हणून पंजे उलटे करून तपासले नाहीत. डोळ्यांपुढे हात नेऊन पाहिला नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

एकोणिसाव्या दिवशी काकूंचा फोन आला. "एक विचारायचं होतं. ही हल्ली अर्धंच खाते. आधी वाटलं भूक कमी झाली. पण ताटली उचलायला गेले आणि हातात ती फिरली, तर राहिलेलं सगळं खाऊन टाकलं."

मी विचारलं, "राहतं ते कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. नेहमी डावीकडेच."

मी त्यांना त्याच दिवशी यायला सांगितलं.

ताटलीचा उजवा अर्धा भाग चाटून पुसून स्वच्छ, डावा तसाच भरलेला, आणि ताटली अर्धी फिरवली की तो डावा भागही फस्त. अशी कुत्री भूक, चव किंवा हट्ट यांतल्या कशाबद्दलच सांगत नसते. तिच्यासाठी जगाची डावी बाजू पुसट झालेली असते. आंधळेपणा याहून वेगळा, आंधळं कुत्रं नाकाने शोधून ताटली संपवतं. इथे त्या बाजूला लक्ष जातच नाही. मेंदूच्या एका बाजूच्या पुढच्या भागाला, त्याखालच्या केंद्रांना किंवा त्यांना जोडणाऱ्या तंतूंना इजा झाली की दुसऱ्या बाजूचं जग असं गळून पडतं. आणि वार्धक्यातला स्मृतिभ्रंश सहसा बाजू निवडत नाही. तो मेंदूच्या दोन्ही अर्धांवर सारखा उतरतो. डावं-उजवं असा भेद दिसला की कारण एका जागी बसलेलं आहे असं धरून चालावं लागतं.

त्या दिवशी तपासणी नीट केली. चाल सरळ, पावलं लयीत. पण उभं असताना पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, तर उजवीकडचे दोन्ही पाय लगेच सरळ झाले. डावीकडचे दोन्ही काही क्षण तसेच राहिले, मागचा तर मला हाताने सरळ करावा लागला. उजव्या डोळ्यासमोर अचानक हात नेला तर पापणी मिटली, डाव्यासमोर मिटली नाही. प्रकाशाला मात्र दोन्ही बाहुल्या व्यवस्थित आकसत होत्या आणि पापणीला बोट लावलं तर दोन्हीकडे डोळा मिटत होता. नाकपुडीच्या आतल्या बाजूला बोथट चिमट्याने हलका स्पर्श केला तर उजवीकडे तिने डोकं झटकन मागे घेतलं, डावीकडे जवळपास काहीच नाही. डावीकडून हाक मारली तर ती उजवीकडून पूर्ण वळसा घालून माझ्याकडे आली.

या प्रत्येक खुणेमागे एक लांब तार आहे, आणि या प्रकरणात माझ्या मते समजून घेण्यासारखं जे आहे ते त्या तारांमध्येच आहे.

आधी जागा. कुत्र्याचं कपाळ फसवं असतं. डोळ्यांच्या वर जो उंचवटा दिसतो तो बहुतेक हवेची पोकळी, म्हणजे फ्रंटल सायनस, आणि स्नायूंचा असतो. मेंदू त्याच्या मागे, लहान आणि आत. त्याच्या अगदी पुढच्या टोकाला गंधकंद, म्हणजे वासाची बातमी घेणारा भाग, आणि त्याच्या लगेच मागे-वर प्रोरियस नावाची वळी. प्रीसिल्व्हियन नावाच्या खाचेच्या पुढचा हा भाग आणि दोन अर्धांच्या मधल्या भिंतीवरचा थोडा भाग, एवढं मिळून कुत्र्याचं प्रीफ्रंटल क्षेत्र होतं. ब्रॉडमन या मेंदूशास्त्रज्ञाने १९१२ साली वेगवेगळ्या प्राण्यांत हे क्षेत्र मोजलं तेव्हा एकूण कॉर्टेक्समध्ये त्याचा वाटा माणसात २९ टक्के, चिंपांझीत १७, कुत्र्यात ७ आणि मांजरात साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. सात टक्के ऐकून हा भाग किरकोळ वाटतो. मला तसं वाटत नाही, कारण या भागाचं मोल त्याच्या क्षेत्रफळापेक्षा तो कोणाकोणाशी जोडलेला आहे यावर ठरतं.

शास्त्रज्ञांनी या क्षेत्राची हद्दसुद्धा जोडणीवरूनच आखली. रोझ आणि वुल्सी यांनी १९४८ साली ससा, मेंढी आणि मांजर यांच्यात दाखवलं की थॅलॅमस, म्हणजे संवेदना कॉर्टेक्सकडे पोचवणारा मेंदूच्या आतला भाग, त्यातल्या मेडिओडॉर्सल या केंद्राचे तंतू कॉर्टेक्समध्ये जिथे पोचतात त्यावरून प्रीफ्रंटल भाग ओळखता येतो. पेशींची रचना प्राण्यागणिक बदलते, पण ही तार सगळ्यांत सापडते. १९६७ मध्ये नार्किएविच आणि ब्रुटकोव्स्की यांनी कुत्र्यात याच तंतूंचा नकाशा काढला. थॅलॅमसच्या या केंद्राचे वेगवेगळे भाग प्रीफ्रंटल क्षेत्राच्या वेगवेगळ्या पट्ट्यांशी जोडलेले असतात, आणि ही वाहतूक दुहेरी आहे. पुढचा भाग थॅलॅमसकडून घेतो तसं त्याला परतही सांगतो.

दुसरी मोठी तार खाली, मेंदूच्या आतल्या कॉडेट नावाच्या केंद्राकडे जाते. फ्रंटल कॉर्टेक्सकडून कॉडेट, तिथून शेजारचं पॅलिडम हे केंद्र, तिथून थॅलॅमस, आणि थॅलॅमसमधून परत फ्रंटल कॉर्टेक्स, असं हे एक वर्तुळ आहे. 'आता कर' आणि 'आता थांब' यांच्यातला निवाडा या वर्तुळात होतो. ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन कुत्र्यांना भूल न देता एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवलं. त्यांना दाखवलेल्या दोन हातवाऱ्यांपैकी एक खाऊ मिळणार असं सांगणारा होता आणि दुसरा मिळणार नाही असं सांगणारा. पहिला हातवारा दिसताच कॉडेटमध्ये हालचाल वाढली. त्याच गटाने २०१६ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन कुत्र्यांना एका खुणेवर नाकाने स्पर्श करायला आणि दुसऱ्या खुणेवर थांबायला शिकवलं. थांबायच्या खुणेला ज्यांच्या मेंदूचा पुढचा भाग अधिक जागा होत होता, ते कुत्रे थांबण्यात चुकाही कमी करत होते.

"घे" म्हणेपर्यंत थांबणं ही आठ वर्षांची सवय नेमकी याच वर्तुळावर उभी होती. जुईला ताटली कळत होती, काकूंचा शब्द कळत होता. थांबवणारा दोर सैल झाला होता.

तिसरी जोडणी अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमस या भावना आणि शरीराच्या गरजा सांभाळणाऱ्या केंद्रांशी आणि मधल्या भिंतीवरच्या भागांशी. लघवीचा प्रश्न इथे येतो. मूत्राशय रिकामं करायचं काम मेंदूच्या देठातलं केंद्र करतं, पण 'इथे नको, आत्ता नको' हे वरून, पुढच्या भागाकडून सांगितलं जातं. जुईच्या लघवीत जंतू नव्हते, मूत्रपिंडं चांगली होती, मूत्राशय पूर्ण रिकामं होत होतं. वरून येणारी मनाई तेवढी पोचत नव्हती.

आणि चौथी, कुत्र्याच्या बाबतीत जी मला सर्वांत विलक्षण वाटते, ती वासाची. बाकी सगळ्या संवेदना थॅलॅमसमार्गे कॉर्टेक्सला पोचतात. वास मात्र गंधकंदातून थेट कॉर्टेक्सच्या जुन्या भागात शिरतो, आणि तोही त्याच बाजूच्या अर्ध्यात, बाजू न बदलता. तिथून तो पुढच्या भागाच्या खालच्या अंगाला थेटही जातो आणि थॅलॅमसच्या त्याच मेडिओडॉर्सल केंद्रामार्गेही. कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली २३ निरोगी कुत्र्यांच्या मेंदूतले तंतू एमआरआयने रेखाटले तेव्हा गंधकंदापासून पार मागच्या दृष्टीच्या खंडापर्यंत जाणारा एक जाड मार्ग मिळाला. असा मार्ग त्याआधी कुठल्याच प्राण्यात नोंदवला गेला नव्हता.

आता जुईच्या पंजाकडे वळतो, कारण पहिल्या दिवशी मला चकवलं ते तिच्या चांगल्या चालीने. फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी १८७० मध्ये बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या पुढच्या बाजूला विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि विरुद्ध बाजूचे पाय हलले. मेंदूचा एक अर्धा भाग शरीराच्या दुसऱ्या बाजूला सांभाळतो हे त्या दिवशी कुत्र्यात उघड झालं. मग उजव्या अर्ध्यात बिघाड असेल तर डावे पाय लुळे का पडले नाहीत? माणसात पडले असते. कुत्र्यात चालण्याची लय कॉर्टेक्सवर तेवढी अवलंबून नसते, ती मेंदूचा देठ आणि पाठीचा कणा मिळून चालवतात. गोल्ट्झने १८९२ साली जवळपास सगळा मोठा मेंदू काढलेल्या एका कुत्र्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो कुत्रा अठरा महिने जगला, चालत होता, झोपत-उठत होता, खात होता, चिडत होता. पण तो काही शिकला नाही आणि त्याला कोणी ओळखीचं राहिलं नाही. त्या काळी या प्राण्यांना जे भोगावं लागलं ते वाचताना मला अवघड होतं, आणि त्यांच्यामुळे आज मी जुईची तपासणी समजू शकतो हेही तितकंच खरं आहे.

म्हणून कुत्र्यात कॉर्टेक्सचा बिघाड चालीत दिसत नाही. उलटा पडलेला पंजा सरळ करताना दिसतो, कारण पंजा कुठे आहे ही बातमी वर कॉर्टेक्सपर्यंत जाऊन तिथून हुकूम खाली यावा लागतो. डोळ्यासमोरच्या हाताचंही तसंच. कुत्र्यात डोळ्याचे सुमारे ७५ टक्के तंतू विरुद्ध बाजूला जातात. दृश्य मागच्या खंडात पोचतं, तिथून पुढे हालचालीच्या कॉर्टेक्सकडे, तिथून देठातल्या पॉन्सकडे, अनुमस्तिष्काकडे (मागच्या लहान मेंदूकडे) आणि शेवटी पापणी मिटवणाऱ्या नसेकडे. पिल्लांना ही प्रतिक्रिया जन्मतः नसते, साधारण दहा-बारा आठवड्यांत येते. ती शिकलेली आहे आणि लांबची आहे, म्हणून वाटेत कुठेही खंड पडला तर जाते. त्यामुळे 'डावा डोळा मिटला नाही' एवढ्यावरून जुईला डावीकडचं दिसत नाही असं म्हणता येत नव्हतं.

एक चाचणी मी स्वतःच्या समाधानासाठी केली. दोन कप, एकाखाली बिस्किट, तिच्या देखत ठेवायचं, सात-आठ सेकंद डोळे झाकायचे आणि सोडायचं. डावीकडे लक्षच जात नसल्यामुळे कप डावे-उजवे मांडून उपयोग नव्हता. म्हणून दोन्ही तिच्या थोडे उजवीकडे, एक जवळ आणि एक दूर असे मांडले, आणि वासाने कळू नये म्हणून दोन्ही आतून बिस्किटाने घासले. तीनदा जवळच्या कपाखाली ठेवलं, तिला मिळालं. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांदेखत दूरच्या कपाखाली ठेवलं. ती जवळच्याकडेच गेली. पाचव्या, सहाव्या वेळीही. डोळे न झाकता सोडलं तर मात्र बरोबर दूरच्या कपाकडे.

वॉर्सामध्ये कोनोर्स्की आणि लाविट्स्का यांनी प्रीफ्रंटल भागाला इजा झालेल्या कुत्र्यांमध्ये नेमक्या याच चुका बारकाईने अभ्यासल्या होत्या. असा कुत्रा वाटेल तसा चुकत नाही, तो आधी जिथे मिळालं तिथेच परत जातो. जुनी वाट सोडवत नाही. मात्र एक गोष्ट मला खटकली. असे दोष प्रयोगांमध्ये मुख्यतः दोन्ही बाजूंना इजा असताना स्पष्ट दिसतात, आणि जुईच्या बाकी सगळ्या खुणा एकट्या उजव्या अर्ध्याकडे बोट दाखवत होत्या. एक तर माझी घरगुती चाचणी कच्ची होती, नाहीतर उजवीकडचं काहीतरी डावीकडेही दाब देत होतं.

एमआरआयची वेळ पाच दिवसांनी मिळाली. तिसऱ्या रात्री जुईला पहिली फिट आली. झोपेतून उठताना चेहऱ्याची डावी बाजू फडफडू लागली आणि मग सगळं अंग ताठ झालं. सुमारे दीड मिनिट. सहा वर्षांनंतर आयुष्यात पहिल्यांदा फिट येणाऱ्या कुत्र्यात मेंदूतली गाठ ही शक्यता यादीत वरच ठेवावी लागते. लेव्हेटिरासिटॅम हे फिट रोखणारं औषध सुरू केलं.

चित्रात उजव्या गंधकंदावर आणि त्यामागच्या फ्रंटल भागावर बसलेली गाठ दिसली. रुंदीला सुमारे दोन सेंटिमीटर, मेंदूच्या बाहेरून, आवरणाला रुंद बुडाने चिकटलेली. औषध टोचल्यावर सगळी एकसारखी उजळली आणि आवरणाच्या कडेने तिची एक शेपटीही उजळली. मेनिन्जिओमाचं, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीचं, हे ठरलेलं रूप आहे. कुत्र्यांच्या मेंदूतल्या गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळते, लांब नाकाच्या जातींमध्ये विशेष, आणि गंधकंद-फ्रंटल ही तिची नेहमीची जागा.

पण मी त्या चित्राकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलं ते सुजेसाठी. गाठ होती अगदी पुढे, हालचालीच्या कॉर्टेक्सच्याही पुढे. पंजे आणि पापणी तिच्या थेट तावडीत नव्हते. गाठीपासून निघालेली सूज मात्र पांढऱ्या भागातून मागे मागे पसरली होती. कॉर्टेक्सच्या वळ्यांचा राखाडी भाग दाट विणलेला असतो, त्यात पाणी सहज शिरत नाही. पांढरा भाग म्हणजे समांतर तंतूंच्या जुड्या, त्यांच्या मधल्या फटींतून पाणी वाट काढतं. म्हणजे सूज तारांच्याच वाटेने चालली होती. फ्रंटल कॉर्टेक्सला थॅलॅमस आणि कॉडेटशी जोडणारे तंतू तिने भिजवले होते, पुढे इंटर्नल कॅप्सूल नावाच्या तंतूंच्या जाड जुडीपर्यंत पोचली होती, आणि तिथून पंजाचे तंतू जातात. मेंदूच्या दोन अर्धांमधला पडदा डावीकडे ढकलला गेला होता आणि डाव्या पुढच्या भागावरही दाब होता. कपांच्या चाचणीचं कोडं तिथे सुटलं.

मी काकूंना पडद्यावर दाखवलं. त्या बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी हिला ओरडत होते तेव्हा हे आत होतं."

"होतं," मी म्हणालो. "आणि मीही पहिल्या दिवशी पाहिलं नाही."

सूज उतरवण्यासाठी प्रेडनिसोलोन सुरू केलं. चौथ्या दिवशी काकूंनी फोटो पाठवला, ताटली दोन्ही बाजूंनी रिकामी. गाठ तेवढीच होती, एक मिलिमीटरही कमी झालेली नव्हती. फक्त तारांमधलं पाणी उतरलं होतं. आठवड्याभरात डावे पंजे सरळ होऊ लागले, घरातली लघवी कमी झाली, रात्रीचं फिरणं थांबलं. जुईच्या दुखण्यातलं किती गाठीचं आणि किती तुटक झालेल्या जोडणीचं होतं, ते त्या आठवड्याने वेगळं करून दाखवलं. जेवणापुढे थांबणं मात्र परत आलं नाही.

शस्त्रक्रिया न्यूरोसर्जनने केली, फ्रंटल सायनस उघडून पुढच्या बाजूने. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हा सायनस मोठा असतो, तिथून या भागापर्यंत पोचता येतं, पण जखम नाकाच्या पोकळीशी जवळीक ठेवते आणि जंतुसंसर्गाची भीती राहते. गाठीबरोबर उजव्या गंधकंदाचा बराच भाग काढावा लागला. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या श्रेणीचा मेनिन्जिओमा निघाला. त्यानंतर किरणोपचार द्यायचे का, हा निर्णय काकूंनी विचारपूर्वक घेतला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१ कुत्र्यांच्या नोंदींत नुसत्या शस्त्रक्रियेनंतर मध्यक आयुष्य सात महिने होतं, किरणोपचार जोडल्यावर साडेसोळा. तंत्र त्यानंतर सुधारलं आहे, तरी दोन आकड्यांमधलं अंतर त्यांच्यासमोर ठेवणं मला भाग होतं. प्रत्येक खेपेला भूल द्यावी लागते हेही सांगितलं. त्यांनी किरणोपचार घेतले.

नंतरचे महिने मी जास्त लक्ष देऊन पाहिले. एका बाजूचा गंधकंद जवळजवळ गेला तरी लपवलेलं खेळणं जुई शोधते, आधीपेक्षा हळू. डावा गंधकंद शाबूत आहे, आणि दोन्ही बाजूंचे पुढचे भाग कॉर्पस कॅलोसम या दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलाच्या पुढच्या वळणातून एकमेकांशी बोलतात. उजव्या अर्ध्याला वासाची बातमी थेट मिळत नसली तरी शेजाऱ्याकडून मिळत असावी, असा माझा अंदाज आहे.

थांबायला शिकवण्याची पद्धत आम्ही बदलली. वॉल्टर हंटरने १९१३ साली उशिरा उत्तर द्यायची चाचणी पहिल्यांदा मांडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं होतं की कुत्रे मधला वेळ शरीर लक्ष्याच्या दिशेने रोखून काढतात. आठवण जणू अंगाच्या रोखात ठेवतात. मी काकूंना सांगितलं, जुईला बसवून मान वळवायला लावू नका. तिला ताटलीकडे तोंड करून उभं राहू द्या, ताटली दिसत राहू द्या, आणि "घे" एका सेकंदानंतरच म्हणा. मग दोन. चुकली तर काही बोलू नका, ताटली उचला आणि पुन्हा ठेवा. पहिले पंधरा दिवस दोन सेकंदांच्या पुढे गाडी सरकली नाही. दोन महिन्यांनी पाच झाले. अकराव्या महिन्यात, म्हणजे हे लिहीत असताना, ती नऊ सेकंद थांबते. दहाव्याला मोडते. पूर्वी ती तीन मिनिटं थांबायची.

सेलेजिलिन मी दुसऱ्याच भेटीत बंद केलं होतं. फिट पुन्हा एकदाच आली, शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात. औषधाची मात्रा वाढवली, त्यानंतर नाही. सहाव्या महिन्यातल्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी नवं काही उगवलेलं नाही. मधला पडदा जागेवर आला आहे.

आता माझ्या तपासणीत एक भर पडली आहे. वागणं बदललेला कुठलाही वयस्क कुत्रा आला की चाल पाहून झाल्यावर मी चारही पंजे उलटे करून पाहतो आणि पालकांना विचारतो, ताटलीत उरतं का, आणि कुठे. जुईसाठी आम्ही आणखी एक ठरवलं आहे. मोठं चित्र सहा महिन्यांतून एकदाच काढता येतं, ताटली दिवसातून दोनदा असते. काकूंनी तिच्या कडेला वरच्या बाजूला एक लाल ठिपका काढलाय, म्हणजे ती कुठल्या रोखाने ठेवली होती ते कळतं. दर रविवारी संध्याकाळी जेवण झालं की त्या वरून एक फोटो काढून पाठवतात, खाली काही न लिहिता. काल आलेल्या फोटोत ठिपका वर आहे आणि डाव्या कडेला एकही दाणा नाही.